साठ बाय एकशेवीस

ओसाकाचा खरेदीदार गेस्टरूममध्ये विसरून गेला
पोटाच्या गोळ्या (शेंगाचटणी सोसली नाही त्याला)
आणि हे पुस्तक.
मी कारखान्याची जपानी पत्रं लिहिते.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, मी एकटीच
जिला त्यांचा नकार ओळखता येतो
ते 'बघू' लिहितात तेव्हा.

लेखिका हिसाए तोकुनागा.
आतल्या घडीवर फोटो: आखूड केस,
जिची सुई दुखत नाही अशा नर्सचा चेहरा.
बाईंच्या पुस्तकात पोलीस येतात, चहा पितात, जातात.
खून चौथ्या पानावर. कुणी केला, तेही तिथेच.
उरलेली तीनशे पानं
शेजारी काय करतात याची.

शेजारी कचरा वेगळा करतात.
लिफ्टमध्ये हवेबद्दल बोलतात.
आणि हत्यार बाई मोजून देतात:
पांढरा टॉवेल, साठ बाय एकशेवीस,
कडेला दुहेरी शिलाई.

हे आमचं माप.
दिवसातून दहादा मी तेच टाईप करते.

रात्री एकेक वाक्य मराठीत आणते. कुणी सांगितलेलं नाही.
'शिरान्काओ'पाशी चार दिवस अडकले.
ठाऊक असून ठाऊक नसल्याचा चेहरा.
कानाडोळा लिहिलं. खोडलं.
कानाडोळ्यात निदान कान आहे, डोळा आहे;
बाईंच्या शब्दात नुसता चेहरा उरतो,
पाटीसारखा पुसलेला.

मग आठवलं, तो मी पाहिलाय.
नीलम नगर, तिसरी गल्ली. मी सातवीत.

आमच्याकडे झोप आवाजाने मोडत नाही.
खटक खटक रात्रभर, त्यातच पोरं वाढतात.
माग थांबला, की जाग येते.

कोंगारींचा माग त्या रात्री अडीचला थांबला.
मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडले होते.
आईही. तिची बांगडी वाजली.
समोरच्या घरात कुणी खोकलं
आणि खोकला मध्येच गिळला.
किती वेळ, सांगता येत नाही. मग माग सुरू झाला.
सगळी गल्ली झोपली,
किंवा तशी पडून राहिली.

सकाळी सुलोचनाअक्का गेलेली.
दमा, म्हणाले. सुताची धूळ, म्हणाले.
खोटंही नव्हतं, खोकायचीच ती.
तारेवर एक टॉवेल, धुतलेला, नीट न पिळलेला.
खाली श्रीहरी कोंगारी उभा,
खांद्यावर थेंब पडत होते, तो सरकत नव्हता.

नळाला पाणी येऊन तीन दिवस झाले होते, पुढचं परवा.
सगळ्यांच्या पिंपात तळ दिसत होता.
अशा दिवशी टॉवेल कोण धुतं,
हे गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा.

हवालदाराने आईला विचारलं.
सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात पानं,
तिने मान वर केली. तो चेहरा.
'नाकु तेलियदु.'
त्याने मराठीत उतरवलं:
माग चालू असल्याने काही ऐकू आले नाही.
अंगठा घेतला.
इतकं सफाईदार भाषांतर मला अजून जमलेलं नाही.

काल आईला पुस्तक तेलुगूत सांगितलं,
मराठीला वाटेत कुठे न उतरवता.
ती विड्या बांधत होती, सातशेच्या पुढे:
पान, चिमूट, पीळ, दोरा.
चौथं पान झालं. टॉवेल झाला.
समोरची बाई आवाज न करता
दाराची कडी लावते, तिथपर्यंत आले.

आईचे हात थांबले.
बाहेर सगळे माग चालू होते,
तरी मला ते ऐकू आलं.

बऱ्याच वेळाने म्हणाली,
'त्या बाईला कुणी सांगितलं?'